हाताने चालवली तर बसतं, रात्री आपोआप चालवली तर नाही: सायलेंट इन्स्टॉल अडकतं तेव्हाची तपासणी

सायलेंट इन्स्टॉल म्हणजे विंडोज मशीनवर, काहीही न विचारता, स्क्रिप्टने आपोआप सॉफ्टवेअर बसवणं. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढची तपासणी तुमच्यासाठीच आहे.

• बॅच फाइलवर (कमांडची यादी असलेल्या फाइलवर) स्वतः डबल क्लिक केलं की सॉफ्टवेअर व्यवस्थित बसतं. तीच फाइल टास्क शेड्यूलरमधून (ठरलेल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय) रात्री २ वाजता चालली की सकाळी काहीच बसलेलं नसतं.
• शेड्यूलरमध्ये लास्ट रन रिझल्ट शून्य, म्हणजे सगळं ठीक. प्रोग्रॅम मात्र कुठेच नाही.
• टास्क तासन्‌तास रनिंगवरच, रिझल्टच्या रकान्यात ०एक्स४१३०१, म्हणजे अजून चालू आहे. सेटअपची प्रोसेस जिवंत दिसते, पण सीपीयू शून्यावर.
• लॉगची (काय काय झालं त्या नोंदींची) फाइल तयारच होत नाही, किंवा होते पण रिकामी.
• ४० पैकी ३१ मशीनवर बसतं, ९ वर नाही. पुढच्या वेळी अडणारी मशीन वेगळीच असतात.

मी एका कॉलेजच्या तीन कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. सेमिस्टर बदललं की अभ्यासक्रमाप्रमाणे सॉफ्टवेअर बदलतं. दिवसभर प्रॅक्टिकल असतात, त्यामुळे बसवण्याचं काम रात्री, कोणी समोर नसताना, स्क्रिप्टनेच करावं लागतं. हाच बिघाड इतक्या वेळा समोर आलाय की तपासणीचा क्रम आता ठरून गेलाय, आणि तो क्रमच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीची दोन वर्षं मी उलट्या टोकाने जायचो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) उघडायची, इन्स्टॉलर सर्व्हिस पुन्हा नोंदवायची, शेवटी मशीन फॉरमॅट करायचं. एवढं करून कारण निघायचं की रात्री मशीन स्लीपमध्ये गेलं होतं.

एक सूचना: कमांड आपण तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

मशीन जागं होतं का?

दोन मिनिटांचं काम आहे आणि कुठलंही टूल लागत नाही. टास्कच्या कंडिशन्स टॅबमध्ये ‘संगणक एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा’ ही खूण मुळातच लावलेली येते. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर टास्क गुपचूप टळतो. त्याच टॅबमध्ये मशीनला झोपेतून उठवण्याची खूण आहे, ती आपण लावावी लागते. सेटिंग्ज टॅबमध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ हीसुद्धा लावा. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाइट जाते. ही खूण नसेल तर ज्या मशीनची २ वाजताची वेळ हुकली, त्यांच्यावर टास्क पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत चालतच नाही. ‘दर वेळी वेगळी ९ मशीन’ या लक्षणाचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं.

सेटअपला त्याची भाषा कळतेय का?

सायलेंट म्हणजे सगळीकडे एकच स्विच (कमांडपुढे जोडायचा पर्याय), हा समज नडतो. एमएसआय फाइल (विंडोज इन्स्टॉलर ही विंडोजचीच सोय जी बसवते ती) असेल तर एमएसआयएक्झेक /आय, फाइलचं नाव, मग /क्यूएन आणि /नोरीस्टार्ट. इनो सेटअपने (सेटअप बनवायचं एक साधन) बनवलेल्या ईएक्सईला /व्हेरीसायलेंट /सप्रेसएमएसजीबॉक्सेस /नोरीस्टार्ट. एनएसआयएसच्या (हेही तसंच साधन) सेटअपला नुसता /एस, पण तो कॅपिटल एसच हवा. स्मॉल एस दिला तर विंडो उघडून बसते. एनएसआयएसमध्ये फोल्डर बदलायचा असेल तर /डी= अगदी शेवटी आणि अवतरण चिन्हांशिवाय द्यायचा, वाटेत स्पेस असली तरी. इन्स्टॉलशील्डच्या ज्या सेटअपच्या पोटात एमएसआय असते, त्यांना /एस आणि त्यापुढे /व्ही"/क्यूएन". व्ही आणि अवतरण चिन्ह यांच्यामध्ये जागा सोडायची नाही.

चुकीचा स्विच दिला तर सेटअप बहुतेकदा तक्रार करत नाही. स्विचकडे दुर्लक्ष करतो आणि ‘नेक्स्ट’ दाबायची वाट बघत बसतो. तुम्ही समोर असता तेव्हा विंडो दिसते, नकळत एंटर मारला जातो आणि ‘चालतंय की’ असं वाटतं. म्हणून ही चाचणी करताना माउसला हात लावायचा नाही.

डाउनलोड केलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची खूणही याच वेळी बघून घ्या. इंटरनेटवरून आल्याचा शिक्का फाइलवर असेल तर सुरक्षेची सूचना येते, आणि तीही कोणीतरी बटण दाबेपर्यंत थांबते.

लॉग लिहिला जातोय का?

लॉग नसेल तर इथून पुढची प्रत्येक पायरी अंदाजाने चढावी लागेल. एमएसआयला /एल*व्ही आणि लॉगच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. नुसत्या ताऱ्यात सविस्तर नोंदी येत नाहीत, व्ही वेगळा द्यावाच लागतो. मशीन मध्येच बंद पडत असेल तर व्हीच्या पुढे उद्गारचिन्ह जोडा. मग प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर उतरते. वेग कमी होतो, पण शेवटच्या ओळी हरवत नाहीत. इनो सेटअपला /लॉग= देऊन फाइलचं नाव सांगता येतं. एनएसआयएसच्या नेहमीच्या बांधणीत लॉगची सोय नसते. तिथे सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो निकालाचा आकडा) आपल्या स्क्रिप्टनेच लिहायचा.

लॉगच तयार होत नसेल तर तीन गोष्टी बघा.

फोल्डर अस्तित्वात आहे का? एमएसआयएक्झेक लॉगसाठी फोल्डर बनवत नाही. फोल्डर नसेल तर कोड १६२२ देऊन बाहेर पडतो आणि सॉफ्टवेअरही बसवत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला फोल्डर बनवण्याची ओळ घाला, प्रश्न मिटला.

फाइलच्या नावात %डेट% (बॅचमध्ये आजची तारीख देणारा शब्द) वापरलंय का? तारखेचं रूप मशीनच्या रीजन सेटिंगवर ठरतं. इंग्रजी-इंडिया असेल तर दिवस-महिना-वर्ष यांच्यामध्ये आडव्या रेघा येतात आणि नाव चालतं. अमेरिकन सेटिंग राहून गेलेल्या मशीनवर स्लॅश येतात, आणि स्लॅश फाइलच्या नावात चालत नाही. आमच्या दोन लॅबमध्ये लॉग मिळायचे आणि तिसरीत नाहीत, त्याचं कारण एवढंच होतं. आता मी तारीख पॉवरशेलच्या (विंडोजचीच दुसरी स्क्रिप्ट भाषा) गेट-डेटकडून वर्ष-महिना-दिवस अशी सलग आकड्यांत घेतो आणि पुढे मशीनचं नाव जोडतो.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांनी विशेष सांभाळावी अशी आहे: फोल्डरचं नाव मराठीत आहे का? एक्सप्लोररमध्ये ‘नवीन सॉफ्टवेअर’ असा फोल्डर सुंदर दिसतो. पण बॅच फाइल वाचताना कमांड प्रॉम्प्ट मशीनच्या जुन्या कोडपेजप्रमाणे (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) बाइट वाचतो, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसा जुना कोडपेज कधी नव्हताच. आपली लिपी तिथे फक्त युनिकोडमधून आली. त्यामुळे पत्त्याच्या जागी भलतीच चिन्हं होतात, आणि जुन्या धाटणीच्या सेटअपला तर नुसती प्रश्नचिन्हं मिळतात. स्क्रिप्ट, सेटअप आणि लॉग यांच्या वाटेत फक्त रोमन अक्षरं ठेवा. मराठी नावं आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरला खुशाल द्या. बॅच फाइल बीओएमसहित (फाइलच्या सुरुवातीला येणारी युनिकोडची खूण) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली असेल तर तिची पहिली ओळही चुकते, हेही इथेच तपासा.

शून्य खरंच शून्य आहे का?

माझा सगळ्यात जास्त वेळ या पायरीने खाल्ला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॅच फाइलचा निकाल म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा निकाल. माझ्या स्क्रिप्टची शेवटची ओळ लॉग सर्व्हरवर कॉपी करण्याची होती. इन्स्टॉल १६०३ हा अपयशाचा कोड देऊन पडायचं, लॉग व्यवस्थित कॉपी व्हायचा, कॉपी यशस्वी म्हणून शेड्यूलरमध्ये शून्य. महिनाभर मी तो शून्य बघून निर्धास्त होतो. सेटअपची ओळ संपल्याबरोबर, दुसरी कुठलीही कमांड येण्याआधी, %एररलेव्हल% (शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड) एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये साठवायचा, आणि फाइलच्या शेवटी एक्झिट /बी देऊन तोच आकडा बाहेर पाठवायचा.

याच्या पोटात आणखी एक खोच आहे. इफ किंवा फॉरच्या कंसात %एररलेव्हल% लिहिलं तर त्याची किंमत कंस वाचला जातो तेव्हाच भरली जाते, आतली कमांड चालल्यावर नाही. म्हणजे सेटअप पडला तरी लॉगमध्ये त्याच्या आधीचा शून्य छापला जातो. स्क्रिप्टच्या वर सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन लिहा आणि कंसात टक्क्यांच्या जागी उद्गारचिन्हं वापरा: !एररलेव्हल!. किंवा सरळ कंस टाळा आणि गोटू वापरा. दिसायला जुनाट, पण फसवत नाही.

स्क्रिप्ट पॉवरशेलमध्ये असेल तर सापळा वेगळा. पॉवरशेल विंडोवाल्या प्रोग्रॅमसाठी थांबत नाही, आणि एमएसआयएक्झेक त्याच जातीचा आहे. ओळ लगेच पुढे जाते आणि पुढचं इन्स्टॉल पहिल्याच्या अंगावर येऊन आदळतं. स्टार्ट-प्रोसेसला -वेट आणि -पासथ्रू दोन्ही द्या आणि मिळालेल्या ऑब्जेक्टचा एक्झिटकोड वाचा. बॅच फाइल सेटअपसाठी थांबते, पण काही सेटअप स्वतःची प्रत टेम्पमध्ये सोडून, ती चालू करून, आपण बाहेर पडतात. तिथे बॅचला मिळालेला शून्य म्हणजे ‘मी दुसऱ्याला काम दिलं’ एवढाच. अशा सेटअपसाठीही मी स्टार्ट-प्रोसेस -वेट वापरतो, कारण ते पोटच्या प्रोसेस संपेपर्यंत थांबतं. कमांड प्रॉम्प्टचं स्टार्ट /वेट वापरणार असाल तर अवतरणातला पहिला मजकूर ते खिडकीचं शीर्षक समजतं, म्हणून आधी रिकामं "" द्यायचं. आणि एका बॅचमधून दुसरी बॅच बोलावताना कॉल विसरला तर पहिली तिथेच संपते.

आता आकडे. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालं, फक्त रीस्टार्ट बाकी. याला अपयश समजून पुन्हा पुन्हा बसवणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत. १६४१ म्हणजे झालं आणि रीस्टार्ट सुरूही केलं. १६३८ म्हणजे त्याच उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीच आहे. १६१९ म्हणजे एमएसआय फाइल उघडताच आली नाही. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉल चालू आहे. १६३९ म्हणजे कमांडच्या ओळीत चूक, बहुधा अवतरण चिन्ह. १६०३ वर शेवटी येतो.

प्रोग्रॅम खरंच बसलाय का हे बघायला रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉलची की वाचा, ६४ बिटची आणि वाऊ६४३२नोडखालची (३२ बिटच्या प्रोग्रॅमची), दोन्ही. डब्ल्यूएमआयमधला (मशीनची माहिती विचारायची विंडोजची सोय) विन३२_प्रॉडक्ट वापरू नका. तो यादी देताना प्रत्येक एमएसआय उत्पादनाची तपासणी सुरू करतो आणि काही वेळा दुरुस्तीही करून बसतो. चाळीस मशीनवर असा प्रश्न एकदम विचारला की लॅब अर्धा तास गुदमरते.

तुम्ही आणि रात्रीचा खातेदार एक नाही

शेड्यूलरमध्ये असा रात्रीचा टास्क सहसा सिस्टम खात्याने (विंडोजच्या स्वतःच्या अंगभूत खात्याने) चालवला जातो. तुमची ओळख, तुमची ड्राइव्ह, तुमचा डेस्कटॉप यातलं त्याच्याकडे काही नाही. ‘मी चालवलं तर चालतं’ याचं खरं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

नेटवर्कवरून जोडलेली झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनची आहे. सिस्टमला ती दिसत नाही, म्हणून १६१९ किंवा ‘पाथ सापडला नाही’. \\सर्व्हर\शेअर असा पूर्ण पत्ता द्या. पण तेवढ्याने भागत नाही. नेटवर्कवर सिस्टम खातं त्या मशीनच्या नावाने जातं, तुमच्या नावाने नाही. डोमेन (सगळी मशीन एका मुख्य सर्व्हरवर नोंदलेली) असेल तर शेअरवर आणि फोल्डरवर, दोन्हीकडे, डोमेन कॉम्प्युटर्सना वाचायची परवानगी हवी. नुसता वर्कग्रुप असेल तर त्या नावाला सर्व्हर ओळखतच नाही. छोट्या संस्थांना माझा सल्ला असा की सेटअप आधी प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर पोचवा आणि तिथूनच बसवा. जागा थोडी जाते, पण मध्येच नेटवर्क तुटलं तर अर्धवट इन्स्टॉल होत नाही.

टास्कची ‘स्टार्ट इन’ची चौकट रिकामी असेल तर स्क्रिप्ट सिस्टम३२ मध्ये उभी राहून शेजारची सेटअप फाइल शोधते. पत्त्याआधी %~डीपी० लावा, म्हणजे स्क्रिप्ट जिथे आहे तिथूनच शोध सुरू होईल. बूट होताना चालणारा टास्क नेटवर्क जागं होण्याआधीच सुटू शकतो. ट्रिगरला दोन-तीन मिनिटांचा उशीर द्या.

आणि तासन्‌तास रनिंग? विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस आणि असे टास्क सेशन ० मध्ये (पडद्यावर न दिसणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) चालतात, वापरणारा माणूस वेगळ्या सेशनमध्ये. सेटअपने सेशन ० मध्ये ‘ओके?’ विचारलं तर ती विंडो जगात कोणालाच दिसत नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये सेशन आयडीचा रकाना चालू करा. सेटअप शून्य सेशनमध्ये असेल, सीपीयू शून्य असेल, आणि दहा मिनिटांत मेमरीचा आकडा हलला नसेल, तर तो विंडो उघडून बसला आहे असं समजा. ती विंडो कोणती हे बघायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं पीएसएक्झेक -एस -आय देऊन सिस्टम खात्याचा कमांड प्रॉम्प्ट आपल्या डेस्कटॉपवर उघडा आणि तीच ओळ तिथे चालवा. एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरची विंडो मला अशी सापडली. जुन्या डेटाचं काय करायचं एवढंच ते विचारत होतं.

दोन इन्स्टॉल एकमेकांत अडकणं

विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच एमएसआय बसवतो. दुसरं एखादं सॉफ्टवेअर त्याच क्षणी स्वतःचं अपडेट बसवत असेल तर तुम्हाला १६१८ मिळतो. हा बिघाड नाही, रांग आहे. १६१८ आला की ६० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न, असे दहा प्रयत्न, प्रत्येकाची लॉगमध्ये नोंद. एमएसआयएक्झेकची प्रोसेस मारून रांग मोडू नका. अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर काढणं फार वाईट काम आहे.

आधीचं रीस्टार्ट बाकी असेल तरीही पुढचं इन्स्टॉल अडू शकतं. शंका असेल तर एकदा रीस्टार्ट करून पुन्हा चालवा, हाच स्वस्त उपाय.

१६०३

हा आकडा कारण सांगत नाही, ‘जमलं नाही’ एवढंच सांगतो. कारण सविस्तर लॉगमध्ये असतं. लॉग उघडा, ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा, आणि पहिल्यांदा जिथे सापडेल तिथून वरच्या वीस-तीस ओळी सावकाश वाचा. शेवटून वाचू नका. शेवटी असतो तो आवरताना झालेला गोंधळ. फाइंडस्ट्र या कमांडने काही सापडलं नाही तर घाबरू नका. एमएसआयचा लॉग यूटीएफ-१६ मध्ये असतो आणि फाइंडस्ट्रला तो वाचता येत नाही. पॉवरशेलचं सिलेक्ट-स्ट्रिंग वाचतं.

मला सापडलेली कारणं बहुतेक साधी होती: डिस्क भरलेली, त्याच प्रोग्रॅमची चालू असलेली प्रत, आणि ज्या फोल्डरमध्ये बसवायचं त्यावर सिस्टम खात्याला पूर्ण हक्क नसणं. शेवटचं कारण घडतं ते कोणीतरी सुरक्षेसाठी परवानग्या आवळताना सिस्टमलाही काढून टाकतं तेव्हा. सोबत इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआयइन्स्टॉलरच्या नोंदी बघा. ११७०७ यशाची, ११७०८ अपयशाची. वेळ जुळवायला उपयोगी पडतात.

इथे थांबा

लॉगमध्ये सेटअप बनवणाऱ्या कंपनीचीच कस्टम अॅक्शन (सेटअपमध्ये त्यांनी घातलेली स्वतःची पायरी) पडताना दिसली तर पुढे आपल्या हातात काही नाही. लॉग घेऊन त्यांच्या सपोर्टकडे जा.

१६२५ आला तर धोरणाने मनाई केली आहे. ती ज्याने लावली त्या अॅडमिनला विचारा. वाट काढू नका. अँटिव्हायरस सेटअप अडवत असेल तर रात्रभर तो बंद ठेवून बसवण्याचा मोह टाळा, आधी ती फाइल कुठून आली ते शोधा.

१६०१ म्हणजे इन्स्टॉलर सर्व्हिसपर्यंतच पोचता येत नाही. एसएफसी /स्कॅननाऊ आणि डिझमचं रीस्टोअरहेल्थ (विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांड) एकदा चालवा. त्याने सुटलं नाही तर विंडोज दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला बोलवा. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये डिस्क या सोर्सची ७ नंबरची नोंद, म्हणजे बॅड ब्लॉक, दिसली तर त्या क्षणी सगळे प्रयोग बंद. आधी डेटाचा बॅकअप, मग हार्डवेअरवाला. आणि मशीनवर संस्थेचा हिशेब, पगार किंवा निकालाचा डेटा असेल तर पहिल्या १६०३ लाच थांबा.

जाणकाराला बोलावताना चार गोष्टी हातात द्या: नेमकी कमांडची ओळ, एक्झिट कोड, पूर्ण लॉग, आणि ती ओळ कोणत्या खात्याने चालली ते. लॉग पाठवण्याआधी तो एकदा वाचून काढा. कमांडवर दिलेला पासवर्ड किंवा लायसन्स की सविस्तर लॉगमध्ये उघडपणे छापली जाऊ शकते. ती दिसली तर खोडून मगच पाठवा, आणि तो लॉग आधीच सगळ्यांच्या शेअर फोल्डरमध्ये कॉपी झाला असेल तर पासवर्ड आजच बदला.